गर्दीच्या भागात गाडी नेण्याचे पैसे घेतले तर? लंडन-सिंगापूरच्या मंडळींनो, अनुभव सांगा

पाचपाखाडी:

नमस्कार मंडळी. राहायला ठाण्यात, ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. एरवी लोकलच, पण ऑडिटच्या दिवसांत फायलींचे गठ्ठे आणि दोन-तीन माणसं घेऊन गाडीने जावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला. ४५ रुपये वाचले, आनंदनगर नाक्यावरची रांग गेली, याचं बरंच वाटलं. पण ती रांग फक्त पुढे सरकली असं मला आता वाटायला लागलंय. फ्रीवेने ऑरेंज गेटपर्यंत झपाट्याने येतो आणि खाली उतरलं की पी. डी'मेलो रोडला गाडी जागची हलत नाही. आजूबाजूला बघावं तर गाडीगाडीत एकेकटा माणूस. आणि त्या गाड्यांच्या गराड्यात बेस्टची बस अडकलेली, आतली माणसं घामाघूम.

टोल होता तो उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला. मी विचारतोय ते वेगळं आहे. गर्दीच्या वेळी, गर्दीच्या भागात गाडी आणायचे पैसे. लंडनला आहेत, सिंगापूरला आहेत, स्टॉकहोमला आहेत, जानेवारी २०२५ पासून न्यूयॉर्कलाही सुरू झालेत. आपल्याकडे विषय निघाला की लगेच 'लूट' हा शब्द येतो आणि बोलणं तिथेच थांबतं. म्हणून जे तिथल्या रस्त्यांवर रोज असतात त्यांना विचारतो. गर्दी खरंच कमी होते, की शेजारच्या रस्त्यावर जाऊन उभी राहते? पैसे कुठे जातात? आणि पोटासाठी गाडी चालवतो त्याचं काय?

घोडबंदर_रोड:

माझा विरोध आहे. उड्डाणपुलांचे पैसे फिटेपर्यंत म्हणून लावलेला टोल वीसहून जास्त वर्षं चालला. आता त्याच जागी दुसऱ्या नावाने पावती फाडायची? माझ्या घरापासून ठाणे स्टेशनला पोचेपर्यंतच जीव जातो, मेट्रोचं काम कित्येक वर्षं डोक्यावर चाललंय, लोकलला पाय ठेवायला जागा नाही. आधी पर्याय द्या, मग पैसे मागा. ज्याला परवडतं तो भरेल आणि मोकळ्या रस्त्यावरून मजेत जाईल. बाकीच्यांनी काय करायचं?

मीनल_हॅरो:

दोघांचंही वाचलं. मी मूळची मिरजेची, २००१ पासून लंडनमध्ये. आधी नोकरी केली, आता ऑफिसांना दुपारचं जेवण पुरवते. स्वयंपाकघर हॅरोला, आणि व्हॅन सोमवार ते शुक्रवार होबर्न, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट अशी फिरते. हे तिन्ही भाग कंजेशन चार्जच्या, म्हणजे तुम्ही विचारता त्या पैशांच्या, हद्दीत येतात. म्हणजे पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांत मीही आले, आणि तरीही मी या चार्जच्या बाजूने आहे.

तो सुरू झाला १७ फेब्रुवारी २००३ ला, दिवसाला ५ पौंड. मी तेव्हा डाल्स्टनला खोली घेऊन राहायचे आणि ३८ नंबरच्या बसने होबर्नला जायचे. मागे दार नसलेली, उघड्या पायरीची जुनी डबलडेकर, कंडक्टरसकट. एंजलच्या पुढे बस तुंबली की लोक त्या पायरीवरून भर रस्त्यात उतरायचे आणि चालत पुढे निघून जायचे. मीही जायचे. चालत जाणारा बसच्या आधी पोचायचा, इतकी वाईट अवस्था होती.

सुरुवातीला शाळांच्या सुट्टीचा आठवडा मुद्दाम निवडला होता, त्यामुळे पहिल्या दिवशीचा मोकळा रस्ता बघून कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. पण शाळा उघडल्या तरी ३८ नंबर चालत राहिली. पहिल्या वर्षात हद्दीत येणारी वाहनं साधारण १८ टक्क्यांनी आणि कोंडीत वाया जाणारा वेळ ३० टक्क्यांनी कमी झाला. केन लिव्हिंग्स्टन तेव्हा महापौर होते. चार्ज लावणार हे निवडणुकीआधीच उघड सांगून ते २००० मध्ये निवडून आले होते, आणि चार्ज लावल्यावर २००४ मध्ये परत निवडून आले.

घोडबंदरकर, 'आधी पर्याय द्या' हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त पर्याय म्हणजे मेट्रोच, असं धरू नका. इथली ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, २००३ मध्येही खचाखच भरलेलीच होती आणि नवी लाइन टाकायला किती वर्षं लागतात ते तुम्ही रोज बघताय. लंडनने चार्जबरोबर रस्त्यावर आणल्या त्या बस, साधारण ३०० जादा बस. बस वर्षभरात आणता येते. आणि रस्ता मोकळा झाला की तीच बस, तोच ड्रायव्हर दिवसात जास्त फेऱ्या मारतो. पी. डी'मेलो रोडला अडकलेली बेस्ट ही नुसती उशिरा पोचणारी बस नाही, ती बुडालेली पुढची फेरी आहे. बेस्टकडे बस कमी आहेत हे मला माहेरच्या माणसांकडून कळतं. म्हणून सांगते, बस वाढल्याशिवाय चार्ज लावला तर तुमच्याबरोबर मीही विरोध करीन.

पैशांचं विचारलंत. इथे चार्जचं निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करायचं असं कायद्यात आहे. बस, ट्यूब आणि चार्ज, तिन्ही एकाच संस्थेकडे, ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे. मुंबईत बेस्ट महापालिकेची, लोकल रेल्वेची, मेट्रो आणखी वेगळ्या संस्थांची. तिथे जमलेला रुपया बसपर्यंत पोचेल कसा, हे पहिल्या दिवसाच्या आत कागदावर पक्कं झालं पाहिजे. नाहीतर घोडबंदरकर म्हणतात तसा तो दुसऱ्या नावाचा टोलच होईल.

मला खरं बोलायचंय ते माफीबद्दल. चार्ज किती यावर सगळे भांडतात, माफ कोणाला यावर कोणी फारसं बोलत नाही. आणि इतक्या वर्षांत मी रस्त्यावर जे पाहिलंय ते हेच की ज्याला माफी मिळते त्याचीच गर्दी होते.

मिनीकॅब घ्या. म्हणजे मीटर नसलेल्या, आधी बुक करायच्या खासगी टॅक्सी. त्यांना सुरुवातीपासून माफी होती. तेव्हा हद्दीत दिवसाला सुमारे ४,००० मिनीकॅब यायच्या, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. मग फोनवरून बोलवायच्या टॅक्सी आल्या आणि २०१८ पर्यंत तो आकडा १८,००० च्या वर गेला. एप्रिल २०१९ मध्ये माफी काढली, तेव्हा ड्रायव्हर रस्त्यावर उतरले आणि कोर्टातही गेले. कोर्टात हरले. त्यांची बाजू पोटतिडकीची होती. त्यांतले बहुतेक आपल्यासारखे बाहेरून आलेले, काळ्या (मीटरच्या) टॅक्सीला माफी आणि आम्हाला का नाही, हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पहिल्या दिवसापासून दोघांना सारखा नियम असता तर इतक्या माणसांनी कर्ज काढून गाड्या घेतल्याच नसत्या.

दुसरं उदाहरण रहिवाशांचं. हद्दीत राहणाऱ्याला ९० टक्के सूट. फेब्रुवारी २००७ मध्ये हद्द पश्चिमेला केन्सिंग्टन-चेल्सीपर्यंत वाढवली. झालं काय, की तिथल्या गाडीवाल्यांना सवलतीच्या दराने थेट मध्य लंडनमध्ये यायची मुभा मिळाली. ती वाढीव हद्द जानेवारी २०११ मध्ये काढून टाकली.

तिसरं उदाहरण मी स्वतः. विजेच्या गाड्यांना पूर्ण माफी होती, म्हणून मी विजेची व्हॅन घेतली. हिशेब सरळ होता. माझ्यासारखा तो पुष्कळांनी केला. विजेची असली म्हणून व्हॅन रस्त्यावर कमी जागा अडवत नाही ना. शेवटी २०२५ च्या नाताळला ती माफी संपली आणि २ जानेवारी २०२६ पासून दर १८ पौंड झाला. विजेच्या व्हॅनला ऑटो-पे (पैसे आपोआप कापून जायची सोय) असेल तर निम्मा, म्हणजे मला दिवसाला ९ पौंड. साठ जेवणं असली तर जेवणामागे १५ पेन्स. ड्रायव्हरचा एक तास मला १२ पौंडांहून जास्त पडतो. कोंडीत त्याचा तासभर गेला तर चार्जपेक्षा महाग, वर वरण-भात गार झाल्याची तक्रार ऐकायची. पूर्वी ज्या ऑफिसला जी वेळ हवी ती द्यायचे. आता होबर्नवाल्यांना एकच वेळ, लिव्हरपूल स्ट्रीटकडच्यांना एकच वेळ, असं बसवलंय. कोणी सोडून गेलं नाही.

एक दोष मात्र आहे, तो लपवत नाही. इथे दिवसाचे एकदाच पैसे. एकदा भरले की दिवसभर हद्दीत कितीही फिरा. म्हणून काही वर्षांत गाड्यांचा वेग परत जुन्यावर आला. त्याला रस्त्यांची खोदकामं आणि बस, सायकल, पादचाऱ्यांना दिलेली जागा हीही कारणं होती. विरोधक हा वेग दाखवतात. मी त्यांना विचारते, चार्ज नसता तर त्याच रस्त्यावर काय झालं असतं?

बुकिट_तिमाह:

मीनलताईंच्या माफीच्या मुद्द्याला सिंगापूरहून पुस्ती जोडतो. इथे हे १९७५ पासून आहे. तेव्हा कॅमेरे नव्हते, काचेवर कागदी परवाना लावायचा, दिवसाला ३ डॉलर. गाडीत चार माणसं असली की माफी. म्हणून गाडीवाले बसस्टॉपवर थांबून अनोळखी माणसं उचलायचे आणि हद्दीत शिरायचे. बसची माणसं गाडीत गेली, त्या गाड्या काही कमी झाल्या नाहीत. मोटरसायकलींनाही माफी होती. या दोन्ही माफ्या १९८९ मध्ये काढल्या.

वेळेचंही तसंच. आधी साडेसात ते साडेनऊ होतं. लोक साडेनऊ वाजायची वाट बघत बाहेर थांबू लागले, त्यामुळे काही आठवड्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. १९९८ पासून रस्त्यावर कमानी आल्या. गाडी खालून गेली की आपोआप पैसे कापले जातात, आणि दर रस्त्यागणिक, अर्ध्या-अर्ध्या तासाला वेगळा. ठरतो कसा, तर वेगावरून. एक्स्प्रेसवेवर ताशी ४५ ते ६५ किलोमीटर आणि शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर २० ते ३० च्या दरम्यान वेग राहिला पाहिजे. त्याखाली गेला तर दर वाढतो, वर गेला तर उतरतो. जून-डिसेंबरच्या शाळेच्या सुट्ट्यांत पुष्कळ ठिकाणी कमी होतो, कोविडमध्ये शून्य केला होता. दर उतरतो हे डोळ्यांना दिसतं म्हणून माणसं विश्वास ठेवतात. तुमच्या टोलचा दर कधी उतरलेला कोणी पाहिलाय?

गर्दी शेजारच्या रस्त्यावर जाते का, तर जाते. म्हणून कमानी एक्स्प्रेसवेवरही आहेत.

घोडबंदर_रोड:

वेग सुधारला की दर खाली, हे मला पटलं. बाकी विरोध कायम. सरकारी गाड्या, आमदारांचे ताफे यांना माफी असणारच आपल्याकडे. मीनलताईंचंच म्हणणं आहे ना, माफी असेल तिथे गर्दी? मग ज्या दिवशी मंत्र्याच्या गाडीचे पैसे कापल्याची पावती बघीन त्या दिवशी माझी गाडी पहिली भरेल.

पाचपाखाडी:

सगळ्यांचे आभार. मीनलताई, दोन शंका. आपल्याकडे खरी संख्या दुचाकींची. त्यांना धरायचं की सोडायचं? दुसरं, माझ्या वडिलांना डायलिसिससाठी परळला न्यावं लागतं, लोकलने नेणं शक्यच नाही. तुम्ही म्हणता तशी माफी आवळली तर अशा माणसांचं काय?

मीनल_हॅरो:

दुचाकींना लंडनमध्ये माफी आहे, पण इथे त्या मूठभर. न्यूयॉर्कने मोटरसायकलला पहिल्या दिवसापासून गाडीच्या निम्मा दर लावला, गाडीला ९ डॉलर तर तिला साडेचार. मुंबई-पुण्यात पूर्ण माफी दिली तर सगळे गाडी घरी ठेवून स्कूटर काढतील आणि बसस्टॉपसमोरची जागा स्कूटरींनी भरेल. पुण्याला भाऊ राहतो, त्याच्या दारातच बघते मी. कमी दर ठेवा, पण ठेवा.

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. अशांसाठी इथे दोन वेगळ्या सोयी आहेत. अपंगांना जो ब्लू बॅज मिळतो तो माणसाच्या नावावर असतो. बॅजधारक दोन गाड्यांचे नंबर नोंदवू शकतो, गाडी त्याच्या मालकीची असायची गरज नाही. मुलाची चालते, शेजाऱ्याची चालते. आणि उपचारासाठी जाणारा रुग्ण बस-ट्यूबने प्रवास करण्याइतका धडधाकट नसेल, तर तो चार्ज भरतो आणि हॉस्पिटलमार्फत परत मागतो. सेंट थॉमसच्या वॉर्डात माझ्या ओळखीच्या एक बाई नर्स आहेत, त्या असे फॉर्म भरून देतात. यात माफी आजारी माणसाला मिळते, गाडीच्या जातीला नाही. वडिलांना डायलिसिसला न्यायच्या दिवशी तुमचे पैसे कापले जाऊ नयेत, आणि त्याच गाडीने तुम्ही ऑडिटला गेलात तर कापले जावेत. मुंबईत कोणी मसुदा करायला घेतला तर या दोन दिवसांतला फरक त्यात आधी लिहून घ्या.