तिसरीतल्या ऑटिझमच्या मुलासाठी मुख्याध्यापक म्हणून नक्की काय करायचं?

खडूफळा: नमस्कार. यंदा जूनपासून जि.प. शाळेत मुख्याध्यापकाचा चार्ज आलाय माझ्याकडे. तिसरीत एक मुलगा आहे, ऑटिझम, बोलतो कमी पण बेरीज-वजाबाकी एकदम पक्की. घंटा झाली की कान दाबून वर्गाबाहेर पळतो. वर्गशिक्षक म्हणतात हे विशेष शिक्षकांचं काम, आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नाही तोवर आपल्याला काही करता येत नाही. त्यात एसएमसीच्या (शाळा व्यवस्थापन समितीच्या) मीटिंगला दोन पालकांनी विचारलं की याला स्पेशल शाळेत का नाही घालत. पुढची मीटिंग जवळ आलीये, काय बोलू?

फिरतीवरची: मी समग्र शिक्षामधली (सरकारी शालेय शिक्षण योजना) विशेष शिक्षिका. मॅडम, कार्ड-सर्टिफिकेट लागतं ते भत्त्यांना, पुढे दहावीच्या सवलतींना वगैरे, वर्गात सांभाळून घ्यायला कशाला लागतंय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 बघा, भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेप्रमाणे सोयी ही शाळेचीच जबाबदारी आहे. सुप्रीम कोर्टाने 2021 ला प्राथमिकमध्ये 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक म्हटलंय आणि माझ्याकडे शाळांची केंद्रच्या केंद्र आहेत, सांगा आता! मी आले की वर्गशिक्षक पोराला माझ्याकडे सोपवून ऑफिसात रजिस्टर भरायला जातात. त्यांना त्या तासाला वर्गातच थांबवा. आम्ही सांगून कोणी ऐकत नाही, मुख्याध्यापकांनी सांगितलं की ऐकतात.

जुनेगुरुजी: वर्गवाटप तुमच्या हातात असतं हे विसरू नका. पुढच्या वर्षी चौथी कोणाला द्यायची ते आत्ताच ठरवा, सिनिऑरिटी बघू नका, पोरांत रमणारा माणूस बघा. आणि घंटा त्यालाच द्या वाजवायला, मी केलेलं आहे, भीती जाते.

फिरतीवरची: गुरुजी, एखाद्याला जमतं, दुसरा हात पण लावणार नाही. जबरदस्ती नको. आधी घंटेच्या थोडं अगोदर त्याला सांगायला सुरू करा, दिवसाचे तास चित्रं काढून भिंतीवर लावा, मग बघू.

पिंट्याचीआई: पालक म्हणून एकच सांगते, त्याच्या आईला वर्गाबाहेर बसवून ठेवू नका. आमच्याकडे एका खाजगी शाळेत मला वर्षभर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसवलेलं, का तर पोरगा रडला तर लगेच हातात द्यायला, बाईंना त्यामुळे कधी गरजच पडली नाही त्याला समजून घ्यायची. नोकरी गेली माझी. वर इन्क्लुझिव्ह स्कूलचा बोर्ड गेटवर!!

खडूफळा: सगळ्यांचे आभार. शिपाई नाही आमच्याकडे, सातवीची पोरं घंटा बडवतात, त्यांना उद्याच हळू वाजवायला सांगते आणि वर्गशिक्षकांशीही बोलते. पण स्पेशल शाळेचं एसएमसीत काय सांगू?

फिरतीवरची: कलम 31. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत नाहीतर विशेष शाळेत, आणि निवड त्या मुलाची. एसएमसीने ठरवायचा विषयच नाही तो. तिकडे कार्डाचं काम पण लावून द्या, जिल्हा रुग्णालयात खेपा होतात त्यात.

जुनेगुरुजी: झेरॉक्स जवळ ठेवा, पण कायदा वाचून दाखवू नका, लोक बिथरतात. त्या दोघांना मीटिंगच्या आधी चहाला बोलवा. आणि भर सभेत पोराचं नाव काढू देऊ नका कोणाला.