आठवी-नववीच्या मुलांना उन्हाळ्यात ‘मीडिया’ शिकवायचा, की नुसता माइक हातात द्यायचा?

माहीमकर

मे महिना आला की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पोहणं, हस्ताक्षर, वैदिक गणित यांची पत्रकं लागतात. यंदा त्यात नवी भर: ‘ज्युनियर मीडिया स्कूल, वय 12 ते 15, आठ दिवस, साडेनऊ हजार रुपये.’ टाय लावलेला मुलगा, हातात माइक, मागे ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी. बहिणीची मुलगी आठवीत आहे आणि हट्टाला पेटली आहे, म्हणून पत्रक नीट वाचलं. आवाज आणि उच्चार, अँकरिंग, रील कसं करावं, शेवटच्या दिवशी स्टुडिओत ‘बुलेटिन’ आणि पालकांना पेन ड्राइव्ह. बातमी येते कुठून, ती खरी आहे हे ठरवतात कसं, बातमीच्या वेषातली जाहिरात कशी ओळखायची, यासाठी एक तासही नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हा माध्यमांचा अभ्यास नव्हे, कॅमेरा लावून केलेलं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर आहे. तेरा वर्षांचं मूल माध्यमांचं गिऱ्हाईक आधी असतं, पत्रकार व्हायचं की नाही ते पुढचं पुढे. इन्स्टाग्राम तेराव्या वर्षी दार उघडतं. आपला 2023चा डेटा संरक्षण कायदा मात्र 18 वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच मानतो आणि पालकांची संमती मागतो. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर जाहिरातीची खूण हवी, असा नियम जाहिरातदारांच्या ‘आस्की’ या स्वनियमन संस्थेने 2021मध्येच केला, तो किती मुलांना ठाऊक आहे? आणि धुळ्याजवळचं राईनपाडा विसरलात का? 1 जुलै 2018, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसं जमावाने ठेचून मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. हे शिकवा आणि मग घ्या साडेनऊ हजार.

गिरगाव_चाळ७

पोरांना मैदानावर पाठवा हो. वर्षभर स्क्रीन, सुट्टीत पुन्हा स्क्रीनचंच शिबिर.

शिबिरवाली_ताई

माहीमकर, पत्रकाबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, तसली पत्रकं मीही पाहते. पण ‘आधी वाचायला शिकवा, करायला नंतर’ हे मला अजिबात मान्य नाही. मी परळला एका छोट्या संस्थेत सुट्टीत याच वयाच्या मुलांचा गट घेते, त्यावरून सांगते. ‘माध्यमं वास्तवाची मांडणी करतात’ वगैरे फळ्यावर लिहिलं की मुलं जांभया देतात.

गेल्या वर्षी आम्ही मुलांना वरळी कोळीवाड्यात नेलं. विषय कोस्टल रोडचा. क्लीव्हलँड बंदरातून बोटी बाहेर काढायला पुलाच्या खांबांमधलं अंतर पुरत नाही, अशी मच्छीमारांची तक्रार होती. आंदोलन झालं आणि पालिकेने 60 मीटरचं अंतर 120 केलं. मच्छीमारांनी मागितलं होतं त्याहून ते कमीच. एक काका जाळं शिवता शिवता बोलत होते, हात एकदाही थांबला नाही. म्हणाले, “वाढवलं ते बरं केलं, नाही म्हणत नाही. पण वाऱ्याच्या दिवसात बोट तिरकी होते, तेव्हा 120 किती ते यांनी येऊन बघावं.” एवढंच रेकॉर्डिंग. परत आल्यावर दोन गट केले आणि सांगितलं, प्रत्येकी दहा सेकंदांत बसवा. एका गटाने “वाढवलं ते बरं केलं” एवढंच ठेवून मथळा दिला, ‘कोळीबांधव समाधानी’. दुसऱ्याने सुरुवात “पण”पासून केली, मथळा ‘आमच्याकडे बघायला कोण येतं?’ दोन्ही क्लिपमध्ये एकही शब्द खोटा नाही. मुलं एकमेकांवर तुटून पडली, तुम्ही फसवलंत, नाही तुम्ही. अर्ध्या तासाने एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मग टीव्हीवर रोज हेच चालतं?” हा प्रश्न त्यांच्यात मी भाषणाने आणू शकले नसते. कात्री स्वतःच्या हातात असली की कळतं.

डेस्कवरचा

बावीस वर्षं उपसंपादक म्हणून बातम्या कापल्या, म्हणून ताईंचा प्रयोग आवडला. पण दोघेही एक गोष्ट सोडून देताय. बारा-तेरा वर्षांची मुलं माइक घेऊन बाहेर पडतात तेव्हा पहिल्यांदा कोणाकडे जातात? आपल्यासारख्याच मुलांकडे. फुटपाथवर गजरे विकणारी मुलगी, शाळा सोडलेला मुलगा. ‘स्टोरी’ म्हणून ते छान दिसतं. अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा काहीही छापता येत नाही (पॉक्सोचं कलम 23), आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74 तर कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या इतर मुलांनाही तेच संरक्षण देतं. शिकून आलेले पत्रकार इथे चुकतात. आठ दिवसांच्या शिबिरात हे कोण सांगतं? पहिला तास याचा असला पाहिजे, उच्चारांचा नंतर.

पार्ले_टिळक

@माहीमकर, उगाच घाबरवताय. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा ते जेमतेम विशीत होते. लवकर सुरुवात केली तर बिघडलं कुठे? आमच्या लहानपणी बालनाट्याची शिबिरं होतीच. सुधा करमरकरांनी 1959मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, तेव्हा मुलं नट होऊन बिघडतील असं कोणी म्हणालं का? अँकरिंग करून मूल धीट झालं, चार लोकांत बोलायला लागलं, तर साडेनऊ हजार वसूल.

माहीमकर

पार्लेकर, विशीत आणि तेराव्या वर्षी यात फरक आहे. ‘दर्पण’चा पहिला अंक 6 जानेवारी 1832चा, एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी, म्हणजे दोन वेगळ्या वाचकांचा विचार करून काढलेलं पत्र. ते धीट होण्यासाठी काढलं नव्हतं. धीट करायचंय तर नाट्यशिबिरात घाला, तिथे निदान सगळ्यांना माहीत असतं की हे नाटक आहे.

शाळा_मनपाची

साडेनऊ हजार! आमच्या शाळेतल्या पालकांचा महिन्याचा किराणा त्यात भागून वर उरतो. हे शिबिरांवर सोडण्याऐवजी शाळेत आणा ना. केरळात कण्णूर जिल्ह्यात 2018मध्ये सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले होते, जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने. खर्च काय? एक प्रोजेक्टर आणि तयार शिक्षक. मी सहावीच्या वर्गात तीन मराठी पेपर आणते, एकाच दिवसाचे, आणि विचारते की पहिल्या पानावर काय आहे आणि काय नाही. ‘काय नाही’ला मुलं फार खूश होतात.

नववी_ब

आमच्याबद्दल चाललंय म्हणून लिहितोय. मी असं शिबिर केलंय (कुठलं ते सांगत नाही). अँकरिंग बोअर. टेलिप्रॉम्प्टर मात्र भारी वाटला, कारण टीव्हीवरचे लोक पाठ करून बोलतात असं मला वाटायचं. रील शिकवू नका, प्लीज, ते आम्हालाच तुम्हाला शिकवायला लागतं. मला खरं तर हे कळून घ्यायचं होतं की न्यूज चॅनेल चालतं कशावर. सरांना विचारलं तर म्हणाले, “ते कॉलेजला आल्यावर.” आणि आजोबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन बाणांचा (म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेला) मेसेज आला की मीच तपासून देतो.

डेस्कवरचा

नववी ब, तुझ्या सरांनी दिलं नाही ते उत्तर असं. बहुतांश जाहिरातींवर. जाहिरातीचा दर ठरतो किती लोक बघतात त्यावर, आणि ते ‘बार्क’ नावाची प्रेक्षक मोजणारी संस्था मोजते, काही निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून. घरं मोजकी, म्हणून घोळ करायला सोपी. 2020मध्ये मुंबई पोलिसांनी याच टीआरपीच्या घोळाचा गुन्हा नोंदवला आणि न्यूज चॅनेलांचं रेटिंग बराच काळ बंद होतं. आता रात्री नऊच्या चर्चेत एवढा आरडाओरडा का असतो, ते तूच जोड. कॉलेजपर्यंत थांबायची गरज नाही.

माहीमकर

ताईंचा कात्रीचा प्रयोग पटला. पण त्याला स्टुडिओ लागला का? लाल पट्टी लागली का? एक फोन आणि वरळीपर्यंतचं बसचं तिकीट. माझी तक्रार पैसे कशासाठी मागतात याचीच आहे. आज त्या पत्रकावरच्या नंबरला फोन करून विचारलं, “बातमी तपासायला शिकवता का?” तिकडून उत्तर, “सर, सर्टिफिकेट मिळेल.”

डेस्कवरचा

ताई, त्या दोन क्लिपांचं पुढे काय केलंत?

शिबिरवाली_ताई

काकांना दोन्ही दाखवल्या, ते हसले, मग आम्ही पुसून टाकल्या. तरी एका मुलाच्या आईने ‘समाधानी’वाली स्टेटसला ठेवली होती, आमचा मुलगा पत्रकार म्हणून. काढायला लावली. यंदापासून मुलांचे फोन पहिल्या दिवशीच जमा, रेकॉर्डिंग संस्थेच्या एकाच कॅमेऱ्यावर, आणि कॅमेरा संध्याकाळी कपाटात.

गिरगाव_चाळ७

म्हणजे रील गेलं, स्टुडिओ गेला, फोनही गेला. उरलं काय, वरळीच्या किनाऱ्यावर उन्हात फिरणं. मी दुसरं काय सांगत होतो?