मेणबत्त्या आणि ताडपत्र्या

भूकंपानंतर बौद्ध विहारांनी नुसत्या मेणबत्त्या लावल्या, प्रत्यक्ष मदत केली नाही, असं काहीजण म्हणतात; ते अर्धंच पटतं. नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५चा, बुद्धपौर्णिमा ४ मेला. त्या दिवशी नाशिकला त्रिरश्मी लेणी उतरून आम्ही वस्तीतल्या विहारात गेलो, तर नेहमीचं खिरीचं पातेलंच नाही. त्या जागी नेपाळला पाठवायला कांदा झाकायच्या ताडपत्र्यांचा ढीग! (दोनतीन वापरलेल्या निघाल्या, कांद्याचा वास मारत होत्या.) जुने कपडे मात्र भंतेजींनी सरळ परत पाठवले. पावसाळा तोंडावर आलाय, तिकडे लोक उघड्यावर झोपताहेत, आधी डोक्यावर काहीतरी द्या, म्हणाले.

आणि काठमांडूच्या बौद्धनाथ स्तूपाचा तडकलेला कळस मुख्यतः बौद्ध संस्था आणि भाविकांच्या देणग्यांतूनच पुन्हा उभा राहिला. नोव्हेंबर २०१६मध्ये स्तूप खुलाही झाला.