राइडची लाइन जमत नाही, राइड जमते. अशा मुलाला पार्कमध्ये काही सोय मिळते का?

गोदाकाठची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे, इंदिरानगर. लेक ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो पण मोजकंच, आणि राइड म्हटलं की जीव टाकतो. गरगर फिरणारं, वरून खाली आदळणारं, उलटंपालटं करणारं सगळं चालतं त्याला, मला बघूनच मळमळतं आणि हा वर टाळ्या वाजवत असतो. फक्त लाइन चालत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एका मोठ्या पार्कला गेलो होतो, नाव लिहीत नाही. लाइन पन्नासेक मिनिटांची, पत्र्याखाली, ते नागमोडी रेलिंग असतं ना तसलं. पहिली पंधरा मिनिटं हा शांत होता कारण रेलिंगचे उभे पाइप मोजत होता, प्रत्येकाला हात लावून. मग लाइन वळली आणि तेच पाइप पलीकडच्या बाजूने परत आले, मोजलेलेच परत मोजायचे का नवीन धरायचे हे त्याला कळेना आणि संपलं सगळं. खाली बसला, कानावर हात, मग ओरडणं. मागचे एक काका म्हणाले, "आवरता येत नाही तर आणता कशाला." मी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) घेऊन गेटवर गेले तर तिथला मुलगा म्हणतो, "मॅडम ते व्हीलचेअरवाल्यांसाठी असतं, हा तर चालतोय की." राइड न करताच परत फिरलो. कसारा घाट येईपर्यंत तो मागच्या सीटवर एकच शब्द म्हणत होता, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. तिथे मोजणी तुटली होती.

आता विचारायचं असं की आपल्याकडे अशी सोय मागता येते का, आणि मागायची तर कोणाकडे आणि कशी? आणि दुसरं, माझा भाऊ फ्लोरिडात असतो, मे महिन्यात आम्हाला बोलावलंय, तिकडे डिस्नेमध्ये काहीतरी कार्ड मिळतं म्हणे. कोणी केलंय का?

सासूबाई म्हणतात दुसऱ्यांच्या पुढे घुसायचं म्हणजे बरं नाही दिसत. त्यांचंही चुकीचं नाही वाटत कधीकधी, म्हणून विचारतेय.

---

त्रिमूर्ती_चौक_४२२

ताई सरळ एक्सप्रेस पास घ्या ना, जास्त पैसे भरून लाइन टाळायचा असतो तो, पैसे टाका मोकळे व्हा. कशाला कार्ड दाखवत बसायचं.

---

गोदाकाठची_आई

दादा आम्ही चौघं, सगळ्यांचे पास घेतले तर मग जेवण घरून डब्यात न्यावं लागेल, आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत 😀 आणि खरं सांगू का, बाकीच्यांना पास म्हणजे हौस आहे, आम्हाला त्याच्याशिवाय राइडच नाही. मग आम्ही जास्त पैसे का भरायचे?

---

कॉलेजरोडचा_बाबा

माझी मुलगी १४ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर. चार पार्कं पालथी घातलीत त्यामुळे थोडं लांबण लावतो, माफ करा.

आधी कायद्याचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. जुन्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच, ह्याच्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात ऑटिझम स्पष्ट लिहिलाय, म्हणजे "हा तर चालतोय की" हे त्या पोराचं अज्ञान आहे. कलम २ मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या बघा, त्यात सरकारी आणि खाजगी दोन्ही आहे, आणि शाळा, दवाखाना, धार्मिक जागा यांच्याबरोबर करमणुकीच्या जागाही आहेत. खाजगी पार्क आहे म्हणून आम्हाला लागू नाही असं कोणी म्हटलं तर ते दाखवायचं. त्याच कलमात "वाजवी सोय" म्हणून आहे, म्हणजे समोरच्यावर फार मोठा बोजा न टाकता त्या माणसासाठी गरजेपुरता बदल करणं.

पण उगाच छाती काढून जाऊ नका. कायद्यात "राइडची लाइन" असा शब्द कुठेच नाहीये. तुम्हाला सगळ्यांच्या पुढे सोडलंच पाहिजे असंही नाही. म्हणून मी पुढे सोडा असं मागतच नाही. मी म्हणतो, आम्ही बाहेर सावलीत बसतो, तुमची लाइन आत्ता चाळीस मिनिटांची आहे, चाळीस मिनिटांनी येतो तेव्हा बाजूच्या गेटने घ्या. कोणाचा एक मिनिट कमी होत नाही आणि सुपरवायझरलाही नाही म्हणायला कारण राहत नाही. तुमच्या सासूबाईंना पण हेच सांगा, आपण वेळ मोजूनच थांबतो, फक्त रेलिंगच्या बाहेर.

गेटवरच्या पोराशी वाद घालू नका भो. तो ठेकेदाराचा असतो, सकाळी टीशर्ट घातलाय त्याने. आधी आठ-दहा दिवस पार्कच्या गेस्ट रिलेशन्सला, म्हणजे पाहुण्यांच्या अडचणी बघणाऱ्या विभागाला, मेल टाकायचा, मुलाचं वय, निदान, काय जमत नाही ते दोन ओळीत ("बंदिस्त लाइनीत १५ मिनिटांच्या वर थांबू शकत नाही"), काय हवंय ते एका ओळीत, सोबत यूडीआयडीची कॉपी. उत्तर आलं की प्रिंट काढायची. मोबाइलमधलं कोणी वाचत नाही, कागद दिला की वाचतात, का ते देव जाणे. आत गेल्यावर पहिल्या राइडकडे न पळता आधी गेस्ट रिलेशन्सचं काउंटर गाठायचं आणि त्या दिवशीच्या ड्युटी मॅनेजरची सही किंवा मनगटाचा पट्टा जे देतील ते घ्यायचं, म्हणजे प्रत्येक राइडला रामायण सांगत बसावं लागत नाही.

एक मात्र, लाइनची सोय वेगळी आणि राइडवर बसू देणं वेगळं. उंचीची अट, स्वतः धरून बसता येणं, राइड मध्येच अडकली तर जिन्याने खाली उतरता येणं, हे सेफ्टीचं असतं, तिथे कार्ड चालत नाही आणि चालूही नये. आमच्या लेकीला दोन रोलर कोस्टरना नाही म्हणाले, वाईट वाटलं, पण समजलं. एका ठिकाणी मात्र साध्या टॉय ट्रेनला नाही म्हणाले, तिथे मी भांडलो.

ऐकलंच नाही कोणी तर लेखी तक्रार पुण्याला, दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. कलम ८९ मध्ये दंड आहे, पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख. मी अजून एकदाही केलेली नाही, मेलमध्ये शेवटच्या ओळीत कायद्याचं नाव लिहिलं की बहुतेक वेळा भागतं.

---

नाशिकरोड_ते_ऑरलँडो

कोणीतरी टॅग केलं म्हणून आले. आम्ही मूळचे जेल रोडचे, आता बारा वर्षं फ्लोरिडात. माझ्या धाकट्याला ऑटिझम आहे.

डिस्नेमध्ये त्याला डीएएस म्हणतात, डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस. पैसे लागत नाहीत. ते हातात धरायचं कार्ड वगैरे नसतं, तुमच्या तिकिटाला जोडून देतात. वरच्या दादांनी जे मागितलं तेच आहे ते, म्हणजे ॲपवर राइड निवडायची, तिथली लाइन ७० मिनिटांची असेल तर साधारण तेवढ्या वेळानंतरची वेळ मिळते, तोवर तुम्ही आइस्क्रीम खा, बदकं बघा, काहीही करा. वेळ झाली की दुसऱ्या छोट्या लाइनीतून आत. त्या छोट्या लाइनीत पण कधी दहा-पंधरा मिनिटं जातात हं, ते गृहीत धरा. एका वेळी एकच राइड, आणि ज्याच्यासाठी सोय घेतली तो स्वतः राइडवर पाहिजे, लेकाला बाकावर बसवून मामा-मामी गेले असं चालत नाही.

नोंदणी जायच्या आधीच ऑनलाइन व्हिडिओ कॉलवर करा. मुलगा शेजारी लागतो, बोलायचं आपण. ते डॉक्टरचा कागद मागत नाहीत, प्रश्न विचारतात. तिथे नुसतं "ऑटिझम आहे" म्हणून थांबू नका, कारण ते निदान ऐकत नाहीत, लाइनीत नक्की काय होतं ते ऐकतात. ते पाइप मोजण्याचं सांगा, अठ्ठेचाळीसचं सांगा. मी पहिल्या वेळी आपल्या सवयीने "तसा तो खूप शहाणा आहे हो" असं कौतुकच करत बसले, भावाने टेबलाखालून लाथ मारली तेव्हा गाडी रुळावर आली.

२०२४ पासून त्यांनी नियम कडक केलेत. आता डीएएस मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासातल्या अडचणींसाठीच देतात. डायबेटिस, पोटाचे त्रास वगैरेंना आधी मिळायचं, आता लाइनीतून बाहेर जाऊन परत येऊ देणं वगैरे दुसरे पर्याय सांगतात, त्यावरून इकडे खूप लोक चिडलेत. आणि नुसती व्हीलचेअर असेल तर बहुतेक लाइनी चाकाची खुर्ची जाईल अशाच बांधलेल्या आहेत, त्यामुळे ते सगळ्यांबरोबरच लाइनीत. कोणी खोटं बोलून घेतलं असं सापडलं तर पार्कमध्ये कायमची बंदी.

युनिव्हर्सलला जाणार असाल तर ते निराळं प्रकरण आहे. तिथे आधी आयबीसीसीईएस नावाच्या संस्थेचं ॲक्सेसिबिलिटी कार्ड ऑनलाइन काढावं लागतं, फुकट आहे, पण त्याला डॉक्टरचा कागद लागतो. तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून आणा. नियम अधूनमधून बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात दोघांच्या साइटवर परत एकदा वाचा.

धाकटं कोणी उंचीत बसत नसेल तर "रायडर स्विच" विचारा, एकजण त्याच्याजवळ थांबतो, दुसरा जाऊन आला की पहिल्याला परत पूर्ण लाइन लावावी लागत नाही. त्याला कसलंच सर्टिफिकेट नको.

---

पंचवटी_एक्सप्रेस

राग मानू नका पण एक विचारतो. माझी दोन्ही पोरं पण उन्हात दीड तास उभी राहतात, ती पण रडतात. आजकाल कार्ड काय कोणीही काढतं. उद्या सगळेच बाजूच्या गेटने जायला लागले तर लाइन कोणाची?

---

नाशिकरोड_ते_ऑरलँडो

दादा तुमची शंका खोटी नाही, इकडे झालंय तसं. आधी डिस्नेचं वेगळं कार्ड होतं, त्यात बऱ्याचदा वाट न बघताच आत सोडायचे. मग २०१३ मध्ये पेपरात आलं की काही श्रीमंत बाया तासाच्या हिशोबाने दिव्यांग व्यक्तीला गाइड म्हणून भाड्याने घेऊन लाइन चुकवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते कार्ड बंद करून ही वेळ देण्याची पद्धत आणली. वेळ तेवढाच लागतो म्हटल्यावर चोरायला काही उरतच नाही.

---

कॉलेजरोडचा_बाबा

आणि "कार्ड कोणीही काढतं" असं म्हणणाऱ्याने एकदा सिव्हिलला मेडिकल बोर्डासमोर पोराला घेऊन बसून बघा. ती लाइन कुठल्याही कोस्टरपेक्षा मोठी आहे.

---

पंचवटी_एक्सप्रेस

बरं बरं. मला त्या वेळ देण्याच्या पद्धतीचं माहीत नव्हतं. तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

---

शांत_डबा

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय २३, नाशिकरोडला राहतो. मोठे लोक आईवडिलांच्या बाजूने लिहितायत म्हणून मी त्या मुलाच्या बाजूने लिहितो.

लाइनीत थांबणं हा त्रास नसतो, ती कधी संपणार ते माहीत नसणं हा त्रास असतो. शिवाय पत्र्याखालचा आवाज, मागच्याची बॅग पाठीला लागणं, स्प्रेचा वास. पाइप मोजत होता म्हणजे त्याने स्वतःचा उपाय स्वतः शोधला होता, तो फक्त रेलिंगने मोडला. तर मोजायला असं काहीतरी द्या जे परत फिरून येत नाही. रामकुंडाजवळ पूजेच्या दुकानात बोटात घालायचं जपाचं काउंटर मिळतं, बटण दाबलं की आकडा वाढतो. मी कॉलेजच्या फीच्या लाइनीत अजून वापरतो, लोकांना वाटतं मुलगा फार धार्मिक आहे.

कानावर घालायचे मोठे हेडफोन न्या. आणि सोय मिळाली तरी बाहेरच्या वाट बघण्याची पण प्रॅक्टिस करा, कारण "एक तासाने या" म्हटल्यावर समोर राइड दिसतेय आणि जाता येत नाही हे काही वेळा लाइनीपेक्षा वाईट असतं. राइड दिसणार नाही अशा जागी जाऊन बसा. टायमर त्याच्या हातात द्या, तुमच्या नको.

आधी छोटी लाइन बघा. वणीच्या सप्तशृंगी गडावरची ती रुळावरून वर जाणारी ट्रॉली चांगली आहे, लाइन लावायची, बसायचं, वर जायचं, सगळं राइडसारखंच. गर्दीच्या दिवशी नको, नवरात्रात तर अजिबात नको, मधल्या वारी सकाळी लवकर जा.

---

गोदाकाठची_आई

सगळ्यांना धन्यवाद, उशिरा लिहितेय. पार्कला मेल टाकलाय दादांनी सांगितला तसा, शेवटच्या ओळीत कायद्याच्या नावासकट. उत्तर आलं की इथेच टाकते. यूडीआयडीची मुदत बघितली तर लहानपणी काढलेलं म्हणून टेम्पररी आहे, जूनमध्ये संपतंय, म्हणजे परत सिव्हिल. त्रिमूर्ती चौकवाल्या दादांना निरोप, सिव्हिलच्या लाइनीचाही एक्सप्रेस पास मिळतो का बघा 😀

बुधवारी वणीला जाऊन आलो. काउंटर घेतलं, पंचवटीतूनच, दुकानदाराने विचारलं कोणता जप, ह्याने सांगितलं "पाइप." ट्रॉलीला गर्दी कमीच होती, वीसेक मिनिटं लागली. मधे एकदा रेलिंग वळलं तेव्हा माझाच श्वास अडकला, पण हा बटणच दाबत होता, पाइपकडे लक्षच नव्हतं. आमचा नंबर आला तेव्हा ३१२ झाले होते, पुढे सरका म्हटलं तर मला म्हणतो थांब, दाबलं अजून एकदा, आणि मग चालायला लागला. सासूबाईंनी गडावर देवीला काय सांगितलं माहीत नाही, पण येताना त्यांनीही स्वतःसाठी एक काउंटर घ्यायला लावलं.

शांत_डबा, एक विचारायचं राहिलं. त्या काउंटरचं शून्य करायचं बारीक बटण आहे ना, ते चुकून दाबलं जाऊ नये म्हणून तू काय करतोस? काल घरी ते दाबलं गेलं आणि परत अर्धा तास गेला आमचा.

---

शांत_डबा

सेलोटेप. दोन थर.