‘आयडेम्पोटंट’ला मराठीत काय म्हणावं?

विश्रामबाग, सांगली
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात दोन नवी पोरं आलीत, एक वालचंदचा आणि एक इस्लामपूरकडचा. दोघं हुशार, पण इंग्रजी डॉक्युमेंटेशन वाचताना मान डोलावतात आणि मग नेमकी त्याच जागी चुकतात. पपेट म्हणजे बरेच सर्व्हर लिहून दिल्याप्रमाणे ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याचे आमचे जुने मॉड्यूल (एकेका कामाच्या सूचनांचे गठ्ठे) सध्या सुधारायला काढलेत, तर म्हटलं सोबत मराठीत चार पानांचं टिपण लिहून टाकावं. सर्व्हर, फाइल, मॉड्यूल हे शब्द तसेच ठेवलेत. गाडी अडलीय ‘आयडेम्पोटंट’वर.

अर्थ असा, की मॉड्यूल एकदा चालवा नाहीतर पन्नासदा, सर्व्हर शेवटी त्याच स्थितीत दिसला पाहिजे. मी ‘समफलदायी’ लिहिलं. पोरगा म्हणाला, “सर, हे काढ्याचं नाव आहे का?”

शब्द नीट हवा, कारण नुकताच याच जागी मार खाल्लाय. पपेटचा एजंट, म्हणजे सर्व्हरवर बसलेला त्याचा प्रोग्राम, मुळात दर अर्ध्या तासाला सर्व्हर तपासतो. एन्जिन-एक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंग फाइलचा जो साचा (टेम्प्लेट), त्याच्या पहिल्या ओळीत ‘ही फाइल अमुक वाजता तयार झाली’ अशी चालू वेळ छापायची सोय केलेली होती. त्यामुळे दर अर्ध्या तासाला फाइल नवी. फाइल बदलली म्हणून सर्व्हिसला निरोप, निरोप आला म्हणून रीस्टार्ट. गिऱ्हाईक सांगत होतं की घड्याळ लावल्यासारखी साइट झटका देते, आणि आम्ही आठवडाभर नेटवर्कवाल्याला शिव्या घालत होतो. वेळ छापायची हौस माझीच होती, हेही सांगून टाकतो.

मिरज
शब्द कशाला बदलताय? तो मूळ गणितातला. लॅटिन ‘इडेम’ म्हणजे तेच आणि ‘पोटेन्स’ म्हणजे सामर्थ्य. बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञानं १८७० साली वापरात आणला. तोच ठेवा आणि त्याखाली कसोटी लिहा. आम्ही अँसिबलवाले, म्हणजे पपेटसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरचे. रन संपला की खाली ‘चेंज्ड’चा आकडा येतो. तोच प्लेबुक (अँसिबलची कामांची फाइल) लगेच पुन्हा चालवायचा. दुसऱ्या फेरीला शून्य आलं तर पास. पोरांना व्याख्येपेक्षा हे लवकर कळतं.

एक मेख आहे. ‘शेल’ मॉड्यूलमधून कमांड मारली की अँसिबल आपलं ‘चेंज्ड’च सांगणार, आत काही बदलो न बदलो. फाइलच्या शेवटी ओळ जोडायला आमच्या एकानं शेलच वापरलं होतं. प्रत्येक रनला एक ओळ वाढली. मी फाइल उघडली तेव्हा तीच ओळ एकाखाली एक, शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहून आणावी तशी. त्यासाठी ‘लाइन-इन-फाइल’ आहे की! ओळ असेल तर ते गप्प बसतं.

कऱ्हाड (निवृत्त मास्तर)
मला तुमच्यातलं काही कळत नाही, पण व्याकरण चाळीस वर्षं शिकवलंय. तुम्ही विशेषण शोधताय, म्हणून अडकलाय. क्रियापद बघा.

‘दार लाव.’ हा आज्ञार्थ. आज्ञाधारक पोरगा उठतो, दारापर्यंत जातो, लागलेलं असलं तरी पुन्हा ढकलतो. ‘दार लागलेलं असावं.’ हा विध्यर्थ. इथं तो आधी बघतो. लागलेलं असेल तर जागचा हलत नाही.

आणखी बारीक बघा. ‘दार लावावं’ हाही विध्यर्थच, पण तो कामच सांगतो. तुम्हाला हवी ती स्थिती, म्हणजे ‘असणे’ हे क्रियापद. ‘करावं’ नको, ‘असावं’ हवं.

विश्रामबाग, सांगली
मास्तर, पाय कुठं आहेत तुमचे! पपेट अगदी असंच बोलतं. ‘पॅकेज इन्स्टॉल कर’ असं आम्ही लिहीत नाही. ‘इन्शुअर’ लिहून पुढं ‘प्रेझेंट’ लिहितो, म्हणजे पॅकेज असावं. ‘ॲबसेंट’ म्हणजे नसावं. सर्व्हिसपुढं ‘रनिंग’, म्हणजे चालू असावी. शेलस्क्रिप्ट आज्ञार्थात आणि पपेट विध्यर्थात, हे एक वाक्य मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

मग ‘लेटेस्ट’चं काय करू? ‘सर्वांत नवी आवृत्ती असावी’, हेही ‘असावं’च झालं. पण आज एक येईल, महिन्यानं दुसरी.

मिरज
व्याकरणात पास, व्यवहारात नापास. ‘लेटेस्ट’ म्हणजे ‘त्या दिवशीच्या बाजारभावानं’. हळदीच्या सौद्यात ठीक आहे. प्रॉडक्शनच्या, म्हणजे गिऱ्हाईक वापरतं त्या, डेटाबेसपुढं आवृत्तीचा आकडाच लिहायचा.

ही ‘असावं’वाली कल्पना पपेटच्या आधीची आहे, बरं का. पपेट २००५ चं, अँसिबल २०१२ चं, पण मार्क बर्जेसनं ओस्लोत सीएफइंजिन हे असंच सॉफ्टवेअर काढलं ते १९९३ ला. तो ‘कन्व्हर्जन्स’ म्हणायचा. मशीन कुठल्याही अवस्थेत असो, रन झाला की ठरल्या स्थितीकडं यायला हवं.

तासगाव
‘मॅनिफेस्ट’ला, म्हणजे पपेटच्या त्या ‘असावं’वाल्या फाइलला, कुठं जाहीरनामा लिहू नका, निवडणूक लागल्यासारखं वाटतं. आपल्याकडं लग्न ठरताना याद्या होतात ना? कुणाकडून काय असावं हे सगळ्यांसमोर कागदावर. मॅनिफेस्ट म्हणजे ‘यादी’.

आणि ‘प्लेबुक’ला ‘नाट्यसंहिता’ कसं वाटतं? विष्णुदास भाव्यांची सांगली आहे, १८४३ पासूनचा मान आहे.

मिरज
मान आहे, पण अँसिबलमधला ‘प्ले’ रंगमंचावरचा नव्हे, खेळाच्या मैदानातला. सांगलीचाच मान ठेवायचा तर तालमीत जा. ‘डावांची वही’ म्हणा.

विश्रामबाग, सांगली
‘यादी’ घेतो. ‘डावांची वही’ आवडली, पण आम्ही पपेटवाले, ती मिरजेला लखलाभ. ‘ड्रिफ्ट’ राहिला. रात्री दोनला कुणीतरी एकाच सर्व्हरवर लॉगिन होऊन हातानं सेटिंग बदलतो, मॉड्यूलमध्ये टाकत नाही, आणि आमच्या चौदा सर्व्हरांतला एक हळूहळू वेगळाच होत जातो. ‘विचलन’ लिहिलंय, जीव नाही त्यात.

मिरज
सतारमेकर गल्लीपासून हाकेवर राहतो मी. तिथं विचलन होत नाही, तार उतरते. सर्व्हर उतरला म्हणा. पपेटचा रन म्हणजे पुन्हा जुळवणं. आणि जुळवूनही आवाज फुटका येत असेल तर जवारी गेलेली असते, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा झिजलेला असतो, तेव्हा खुंट्या पिळून उपयोग नाही, घोडीच घासावी लागते. तुमचं ते वेळ छापणारं टेम्प्लेट त्यातलं. अर्ध्या अर्ध्या तासाला खुंटी पिळत होतात.

तासगाव
‘सर्व्हर उतरला’ म्हटलं तर पोरं ‘डाउन’ समजतील की.

विश्रामबाग, सांगली
बरोबर बोललात. ‘सर्व्हरची तार उतरली’ असं पूर्ण लिहितो. टिपणाचा पहिला परिच्छेद आता असा झालाय:

“मॉड्यूल वाचताना ‘कर’ दिसलं की थांबा. तेच ‘असावं’मध्ये लिहिता येतं का बघा. डेबियनवर पॅकेजचं नाव अपाची-टू आणि रेड हॅटवर एचटीटीपीडी, असली नावं आणि आकडे मॉड्यूलच्या पोटात कोंबू नका, हिएराच्या (पपेटची माहिती वेगळी ठेवायची सोय) डेटा फाइलमध्ये ठेवा. मग नूप (काही न बदलता नुसतं बघायचा पर्याय) लावून कोरडा रन घ्या, काय बदलणार ते वाचा, आणि मगच खरा रन. तो झाला की लगेच दुसरा. दुसऱ्या फेरीला शून्य.”

‘नोटिफाय’ला ‘वर्दी’ घातलंय. यादीत फाइल बदलली की सर्व्हिसला वर्दी. चालेल?

तासगाव
वर्दी म्हटल्यावर पोलीस आले डोळ्यांपुढं.

कऱ्हाड (निवृत्त मास्तर)
येऊ देत. आग लागली की अग्निशमन दलाला पेपरात अजून वर्दीच देतात. ठेवा.