शेत माझं, कूस माझी: निलंगेकर दादांना उत्तर

गंगाखेडची सून
"शेत विकून टेस्ट ट्यूब करण्यापेक्षा अनाथ लेकरू घ्या," असं काल निलंगेकर दादांनी लिहिलं. दादा, मी अर्धा एकर विकलेली बाई आहे. माझं ओटीपोट वर्षानुवर्षं दुखायचं, गोळ्या देऊन घरी पाठवायचे. गर्भाशयाचा टीबी होता हे लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तोवर दोन्ही नळ्या बंद. मग इंजेक्शनं. ती फ्रिजात ठेवायची. घरात फ्रिज नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात थंड बाटल्यांच्या मागं ठेवली. दुसऱ्या दिवशी गावाला माहीत! पुढच्या ओटीभरणात कुंकवाचा करंडा माझ्यासमोरून तसाच पुढं गेला. दोनदा केलं, राहिलं नाही. तरी शेत विकल्याचा पस्तावा नाही.

निलंगेकर
ताई, दुःख मान्य. पण माझ्या चुलतभावाचे साडेतीन लाख गेले, अजून व्याज भरायलाय. दवाखान्याच्या फलकावर गुटगुटीत बाळ असतं, किती जणींना राहिलं नाही ते कुणी लिहीत नाही. दत्तकाला काय हरकत आहे?

गंगाखेडची सून
'कारा'कडं, म्हणजे दत्तक देणाऱ्या सरकारी संस्थेकडं, नोंदणी करून तीन वर्षं होत आली, नंबर लागलेला नाही. तुम्हाला दोन लेकरं आहेत ना? त्यांच्या वेळी अनाथाश्रम आठवला होता का?

धारूरचा कोयता
तुम्ही पिशवीत लेकरू राहिना म्हणून रडायलाव, आमच्या बीडात पिशव्याच काढल्या. तीन वर्षांत ४,६०५. हा आकडा २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिलाय. ऊसतोडीत पाळी आली की खाडा, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवीच काढून टाकतात. माझ्या आईची तिसाव्या वर्षी काढली. आधी तिच्यावर बोला.

निलंगेकर
विषय काय, तुम्ही बोलताय काय?

गंगाखेडची सून
विषय हाच आहे. भाऊ, तुमच्या आईचं ऐकून पोटात तुटलं. पण तिच्या नावानं माझं दुखणं लहान करू नका. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून बाई जाते तेव्हा साधी तपासणी होत नाही. एकीची पिशवी काढतात, दुसरीच्या नळ्या बंद होईपर्यंत गोळ्या देतात.

धारूरचा कोयता
हे खरं आहे. पण तुमच्याकडं विकायला शेत होतं. आमच्याकडं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आहे, ती फेडायचीय.

जिंतूरचा मास्तर
सगळे बाईवरच बोलायलेत. माझ्या बायकोला चार वर्षं दवाखान्यातून दवाखान्यात फिरवलं, दोनदा नळ्या तपासल्या. माझी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी झाली, तीही डॉक्टरीणबाईंनी दम दिला म्हणून. दोष माझ्यात निघाला. आईला अजून सांगितलेलं नाही. 'वांझ' हा शब्द बायको रोज ऐकते आणि मी शेजारी बसून जेवतो.

निलंगेकर
चुलतभावानं स्वतःची तपासणी केली होती का, हे मी कधी विचारलंच नाही. आज विचारतो. कर्ज काढू नका हे माझं म्हणणं मात्र कायम आहे.

गंगाखेडची सून
राहू द्या कायम. मास्तर, आईला कधी सांगणार?