उत्तर: ९९.९७ टक्के शुद्धता म्हणजे नेमकं काय?

वर कुणीतरी म्हटलंय की ९९.९७ टक्के शुद्ध असला की कोणत्याही देशातून आलेला हायड्रोजन फ्युएल सेलच्या (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलच्या) गाडीत चालतो. तसं नाही. उरलेल्या ०.०३ टक्क्यात, म्हणजे ३०० पीपीएममध्ये (दहा लाख भागांतल्या ३०० भागांत), काय आहे यावर सगळं ठरतं. आयएसओ १४६८७ या हायड्रोजन इंधनाच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हेलियम ३०० पीपीएमपर्यंत चालतो, पण कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.२ आणि एकूण गंधक ०.००४ पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड सेलमधल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर बसतो, मात्र शुद्ध वायू सोडला की बराचसा निघतो. गंधक चिवट, सहजी सुटत नाही.

जहाजाने अमोनिया आणून, उतरवल्यावर त्याचं विघटन करून हायड्रोजन काढायचा असेल तर खरी डोकेदुखी त्यात उरलेल्या अमोनियाच्या अंशाची. मर्यादा ०.१ पीपीएम, त्याहून जास्त गेला तर सेलमधल्या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पडद्यातल्या प्रोटॉनची जागा अमोनियम घेतो आणि वहन घटतं.

नमुना घेतानाही फसगत होते. साध्या सिलिंडरच्या भिंतीला गंधक चिकटतो नि अहवाल खोटाच ‘स्वच्छ’ येतो. आतून निष्क्रिय लेप दिलेलाच सिलिंडर वापरा.

आयपीएचई (हायड्रोजनसाठीची २००३ पासूनची देशांची भागीदारी) यांची हायड्रोजन बनवताना होणारं उत्सर्जन मोजण्याची पद्धत आयएसओ/टीएस १९८७० या दुसऱ्या आयएसओ दस्तऐवजाचा आधार झाली, पण तो हिशोब कार्बनचा. शुद्धतेशी त्याची गल्लत नको.